'व्हिस्क'चे चार अर्थ आणि दोन साक्षीदार

सोमवारी सकाळी कोशकचेरीत शब्दांचं वाटप झालं आणि डिक्शनरीकाकांच्या वाट्याला 'व्हिस्क' हे क्रियापद आलं.

काकांना आधी आनंदच झाला. शब्द लहान, अर्थ चार, आणि चारही अर्थांचा जीव एकच, काहीतरी झटकन करायचं. टेबलावरचा कचरा झटकन उडवायचा, अंडी भराभर फेटायची, जनावराने शेपटी फटकन हलवायची आणि एखाद्या माणसाला बघता बघता तिथून उचलून न्यायचं. "शुक्रवारपर्यंत उरकून टाकतो," असं ते साहेबांना म्हणालेसुद्धा. झटकन करायच्या गोष्टींना वेळ तो किती लागणार, असा त्यांचा साधा विचार होता. बावीस वर्षं शब्दांत घालवूनही माणूस इतका भाबडा राहू शकतो, याचं नवल वाटतं.

आता ही कचेरी काय करते ते सांगायला हवं. इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला कोश चार खंडांत काढायचा, एवढंच तिचं काम. पण मुख्य संपादक, म्हणजे साहेब, यांचा एक नियम होता. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. बाकीचे कोशवाले एकमेकांचं बघून लिहितात आणि मग एकाने केलेली चूक शंभर वर्षं सुखाने नांदते, असं साहेबांचं मत होतं. म्हणून क्रियापद आलं की ते क्रियापद कोणीतरी प्रत्यक्ष करायचं, शक्यतो कोशातल्या माणसाने ते डोळ्यांनी पाहायचं आणि 'नमुना नऊ' नावाचा फॉर्म भरायचा. फॉर्मवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. साक्षीदार नातेवाईक असून चालत नसे. पाहणारा स्वतः ती क्रिया करणारा असून चालत नसे. आणि क्रिया त्याच्यावर घडलेली नसावी, असंही तळाला बारीक अक्षरात छापलं होतं. ते बारीक अक्षर आजवर कोणी वाचलं नव्हतं.

हा नियम सगळ्यांना सारखाच जाचक होता असं नाही. समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे मागे 'स्लीप' आला होता. त्यांनी नवऱ्याला झोपवलं, दोन साक्षीदारांना खुर्च्या दिल्या आणि महिनाभर पाहणी केली. त्यातला एक साक्षीदार स्वतःच झोपला, तो पुरवणी पुरावा म्हणून जोडला गेला. आणि या सोमवारी त्याच बाईंच्या वाट्याला 'व्हिस्क'च्या दोन घरं पुढचा शब्द आला, 'व्हिस्की'. तो बिचारा नाम होता, त्याला फॉर्मची गरजही नव्हती. तरी मंगळवारी सकाळपर्यंत त्याच्या फॉर्मवर अकरा सह्या होत्या, आणि त्यातल्या चार वाचता येत नव्हत्या.

काकांना सह्यांची घाई होती त्याला कारण होतं. कोशाच्या प्रत्येक खंडात सुरुवातीला ऋणनिर्देशाचं एक पान असे. ज्याने एखादी नोंद सगळ्या अर्थांसकट एकट्याने सिद्ध केली त्याचं नाव त्या पानावर यायचं. ज्यांनी जोडीने, तिघांत, वाटून काम केलं, ते सगळे शेवटी 'व इतर' या दोन शब्दांत जाऊन बसायचे. काका तीन खंड 'व इतर'मध्ये होते. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांनी काकूंना ते पान दाखवून "हे बघ, इथे मी," असं 'इतर'वर बोट ठेवून सांगितलं होतं. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यातलं कुठलं अक्षर तुमचं?" ते काका विसरले नव्हते. चालू खंड शेवटचा होता. 'झेब्रा' कोणीतरी आधीच राखून ठेवला होता. 'व्हिस्क' ही शेवटची संधी होती, आणि शनिवारी छपाई सुरू व्हायची होती.

साक्षीदार शोधायला लांब जावं लागलं नाही. काकांच्या सोसायटीचे सेक्रेटरी ही सही करायला जन्माला आलेली व्यक्ती होती. नळ गळतो या तक्रारीवरही ते तीन ठिकाणी सही करत आणि खाली वेळ टाकत. दुसऱ्या साक्षीदार म्हणजे तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. सुईत दोरा त्या एका झटक्यात ओवत, म्हणजे नजर पक्की. मंगळवारी संध्याकाळी दोघं काकांच्या स्वयंपाकघरात हजर झाले. टेबलावर चादर होती, चादरीवर पावाचे तुकडे होते, आणि काकू हात पदराला पुसत उभ्या होत्या. क्रिया करणारा नातेवाईक चालतो, हे काकांनी नियमात नीट पाहून ठेवलं होतं.

"कर," काका म्हणाले.

काकूंनी हात फिरवला. तुकडे गेले.

"झालं?" सेक्रेटरींनी विचारलं. ते त्या वेळी चष्मा पुसत होते.

"झालं की."

"मी बघितलं नाही."

शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "मला हात दिसला. तुकडे जाताना नाही दिसले. आधी होते आणि नंतर नव्हते, एवढं मी लिहून देईन."

एवढं चालणार नव्हतं. पुन्हा तुकडे टाकले. पुन्हा काकूंनी हात फिरवला. या वेळी सेक्रेटरींनी चष्मा लावला होता, पण डोळे नेमके मिटले. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिटतो आणि त्यात कोणाचा दोष नसतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "काकू, जरा सावकाश कराल का? म्हणजे मला प्रत्येक तुकडा नीट पाहता येईल."

काकूंनी सावकाश हात फिरवला. सेक्रेटरींनी प्रत्येक तुकडा पाहिला, मान डोलावली आणि पेनाचं टोपण काढलं. तेव्हा काकाच कळवळले.

"अहो, पण हे झटकणं नव्हे. हे पुसणं झालं. 'वाइप'. तो शब्द मागच्याच आठवड्यात झाला."

इथे काकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपण कशात पाय घातलाय. क्रिया झटकन केली तर साक्षीदाराला दिसत नाही, आणि दिसेल अशी केली तर ती ती क्रिया राहत नाही. साहेबांचा नियम सगळ्या शब्दांना पुरला होता, कारण आजवर कोणाला एवढा चपळ शब्द मिळालाच नव्हता. काकांनी हे सगळं साक्षीदारांना समजावून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पण न पाहिलेल्या गोष्टीवर मी आजवर सही केलेली नाही. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, तुकडे रंगीत घ्या.  काकू पाव कुस्करत होत्या.

अकराव्या वेळेपर्यंत घरातला पाव संपला. बिस्किटं आली. सतराव्या वेळी सेक्रेटरी म्हणाले, "काकू, मनापासून होत नाहीये तुमचं." बस्स. काकूंनी चादरीचं टोक धरलं आणि अशी काही झटकली की तुकडे, तीन कप, बशा आणि साखरेचा डबा यांनी एकदमच टेबल सोडलं. बराचसा ऐवज सेक्रेटरींच्या मांडीवर उतरला.

"दिसलं?" काकूंनी विचारलं.

"दिसलं," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी चहा टपकत असलेल्या हाताने सही केली, खाली वेळ टाकली.

दुसरा अर्थ बुधवारचा. अंडी फेटणे. ही क्रिया थोडी लांबते, त्यामुळे काकांना धीर होता. काकूंनी "मी सतरा वेळा झटकलंय, माझा खांदा गेलाय" असं सांगून भांडं काकांपुढे सरकवलं. पण पाहणाऱ्याने स्वतः करायचं नाही. शिवणकामवाल्या बाई साक्षीदार. मग सेक्रेटरींनीच "द्या इकडे" म्हणून भांडं हातात घेतलं, आणि साक्षीदाराची जागा भरायला समोरच्या घरातल्या दंतवैद्यबाईंना बोलावलं. सेक्रेटरींनी फेटायला सुरुवात केली. पहिल्या मिनिटात काकांची पाहणी पूर्ण झाली, दुसऱ्या मिनिटात दोन्ही सह्या झाल्या. पण सेक्रेटरी थांबेनात. त्यांच्या चेहऱ्यावर कसलासा उजेड आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या कामावर सह्या करणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने काहीतरी घडतंय याचं सुख पहिल्यांदा मिळत असावं. चौदा अंडी संपली तेव्हा त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, "काका, तिसरा अर्थ काय आहे?"

"शेपटी हलवणे."

"मी येतोच."

काकूंनी दोन दिवस घरात फक्त आम्लेटं केली.

गुरुवारी काका, सेक्रेटरी आणि शिवणकामवाल्या बाई जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या आवारात एक तपकिरी घोडा बांधला होता. पोटाची तक्रार होती, शेपटीची नव्हती. मालकाने परवानगी दिली, फक्त घोड्याला वाईट वाटेल असं काही बोलू नका म्हणाला. तिघं घोड्याच्या मागे रांगेत उभे राहिले. घोड्याने मान वळवून तिघांकडे पाहिलं आणि शेपटी खाली सोडून दिली ती दिलीच.

एक तास गेला. शेपटी नाही. चौकशीअंती कळलं की दवाखान्यात सकाळीच फवारणी झाली होती आणि आवारात एकही माशी उरली नव्हती. माशी नसताना शेपटी हलवायला घोडा काय वेडा होता? सेक्रेटरी म्हणाले, आपण फार लांब उभे आहोत, त्याला आपली दखल घ्यावीशी वाटत नाही. काका दोन पावलं पुढे सरकले. दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले, पुढे सरकू नका. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, सरका. काका आणखी एक पाऊल सरकले आणि तेवढ्यात त्यांच्या हातातलं पेन पडलं. ते उचलायला काका वाकले, आणि घोड्याने तासभर साठवलेला सगळा जोर एकवटून शेपटी फटकारली ती काकांच्या डाव्या डोळ्यावर.

"पाहिलं," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या.

"मी घड्याळ बघत होतो," सेक्रेटरी म्हणाले. "वेळ टाकावी लागते ना."

काकांना डोळ्याच्या वेदनेपेक्षा हे जास्त लागलं. एक हात डोळ्यावर दाबून ते घोड्याच्या पुढ्यात गेले आणि त्याच्याशी बोलले. काय बोलले ते कंपाउंडरने नंतर सांगायचं नाकारलं. पण घोड्याला ते लागलं असावं. त्याने शेपटी दुसऱ्यांदा फटकारली, आणि या वेळी मागे सेक्रेटरी डोळे फाडून उभे होते. काकांनी समोरून, उरलेल्या डोळ्याने, घोड्याच्या पाठीवरून उसळलेला शेपटीचा शेंडा पाहिला. जनावरांच्या डॉक्टरांनीच त्यांचा डोळा धुतला आणि त्यावर पांढरी पट्टी बांधली. पट्टी घोड्याच्या मापाची असल्यामुळे ती कानापर्यंत गेली.

साहेबांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "एका डोळ्याने केलेली पाहणी?"

"डोळा एक होता साहेब, पाहणी पूर्ण होती."

साहेबांनी विचार केला आणि समासात 'ग्राह्य' असं लिहिलं. मग त्यांनी काकांची उदाहरणाची वाक्यं घेतली आणि लाल पेन्सिल काढली. साहेबांना विशेषणांचा राग होता. विशेषण म्हणजे फुकट व्यापलेली जागा, असं ते म्हणत. काकांनी लिहिलं होतं, 'आजारी घोड्याने शेपटी फटकारली.' साहेबांनी 'आजारी' खोडलं. चार खंडांत मिळून त्यांनी एकाही उदाहरणात विशेषण राहू दिलं नव्हतं. त्या कोशातली माणसं गरीब नव्हती, श्रीमंत नव्हती, उंच नव्हती, ठेंगणी नव्हती. ती फक्त माणसं होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत चौथा," साहेब म्हणाले. "नाहीतर नोंद तीन जणांत वाटून द्यावी लागेल."

चौथा अर्थ, एखाद्याला झटकन उचलून नेणे. कोणाला न्यायचं हा प्रश्न काकूंनीच सोडवला. "माझ्या भावाला न्या," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, इथेच आहे. परत नाही आणलात तरी चालेल."

मेहुणे देहाने भरभक्कम आणि स्वभावाने निवांत. न्यायचं कोणी, तर कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, कारण ओळखीत गाडीवाले तेवढेच. बेत असा ठरला की शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मेहुण्यांनी सोसायटीच्या फाटकापाशी उभं राहायचं, मास्तरांनी गाडी घेऊन यायचं, मेहुण्यांना आत ओढायचं आणि निघून जायचं. काकांनी हातात घड्याळ घेऊन पाहायचं. सेक्रेटरी आणि शिवणकामवाल्या बाई कट्ट्यावर बसणार. बातमी कशी कोण जाणे फुटली, आणि पाच वाजता कट्ट्यावर, गॅलऱ्यांत, जिन्यात मिळून अख्खी सोसायटी होती. दंतवैद्यबाईंनी दोन पेशंट तोंड उघडं ठेवून बसवले होते, असं म्हणतात.

मास्तर आले. ताशी पंधराच्या वेगाने आले. अठरा वर्षं लोकांना सावकाश जा, सावकाश जा म्हणून शिकवलेला माणूस तो. त्यांनी फाटकापाशी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आरसा पाहिला, दुसरा आरसा पाहिला, उतरले, गाडीला वळसा घातला आणि मेहुण्यांना नमस्कार केला.

"बसायचं ना?"

"बसू की. पुढे बसू का मागे?"

"पुढे बसा. पट्टा लावा. आधी आसन पुढेमागे करून घ्या."

काकांच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. कट्ट्यावरून सेक्रेटरी म्हणाले, "हे झटकन आहे का काका? मी नुसतं विचारतोय."

दुसऱ्यांदा करताना मेहुण्यांच्या बुटाची नाडी सुटली. तिसऱ्यांदा ते दारात अडकले, अर्धे आत, अर्धे बाहेर. आणि त्या अवस्थेतही त्यांची मास्तरांशी लायसन्सच्या चाचणीबद्दल चर्चा चालू होती. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. कचेरी सहाला बंद होत होती. 'व इतर' काकांच्या एका डोळ्यापुढे नाचायला लागलं, आणि बावीस वर्षांत कोणावर आवाज न चढवलेला तो माणूस भर रस्त्यात पाय आपटून ओरडला, "अहो, गप्पा काय मारताय? तोंड बंद करा त्याचं आणि कोंबा गाडीत. दहा सेकंदांत मला तो इथून गायब झालेला पाहिजे."

नेमकी त्याच वेळी पोलिसांची गाडी त्या रस्त्याने जात होती.

पोलिसांना काय दिसलं तेही लक्षात घ्यायला हवं. एक लठ्ठ, घाबरलेला माणूस गाडीच्या दारात अडकलेला. दुसरा त्याला आत ढकलतोय. आणि मधोमध एका डोळ्यावर कानापर्यंत पट्टी बांधलेला इसम, हातात घड्याळ, हुकूम सोडतोय. म्होरक्या कोण हे विचारायची गरजच नव्हती. गाडी थांबली, दारं उघडली, चार हात आले, काकांचे पाय जमिनीवरून सुटले, दारं लागली, गाडी गेली. काकांची एक चप्पल तेवढी रस्त्यावर राहिली.

मागे राहिलेल्या शिपायाने मेहुण्यांना बाहेर काढलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ओळखता का त्या माणसाला?"

"हो, माझ्या बहिणीचे मिस्टर."

"म्हणजे घरातलाच निघाला," शिपाई म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

पोलिसांच्या गाडीत दोन शिपायांच्या मध्ये बसलेल्या काकांना शरमेने मान वर करता येईना. सगळ्या सोसायटीने पाहिलं होतं. आपण ज्यांना रोज सकाळी जिन्यात मान तुकवतो त्या दंतवैद्यबाईंनी आपले पाय हवेत पाहिले. त्यांना रडू यायला लागलं, आणि ते यायला लागलेलं असतानाच त्यांच्या मनात आलं की वा, उचलून नेणं म्हणतात ते हे. बाराव्या वर्षापासून हा शब्द माहीत होता, पण त्यात आधी पाय सुटतात आणि मग पोटात खड्डा पडतो, हे कुठल्याच कोशात नव्हतं.

चौकीवर इन्स्पेक्टरसाहेबांनी पाऊण तास सगळं ऐकून घेतलं. त्यांनी 'नमुना नऊ' वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसायला लागला. "आमचे पंचनामे इतके कडक नसतात," ते म्हणाले. तेवढ्यात काकू, मेहुणे आणि कचेरीतून बोलावलेले साहेब असे तिघं आले. साहेबांनी पुरावा म्हणून कोशाचे तिन्ही खंड आणले होते, ते टेबलावर ठेवल्याबरोबर टेबलाचा एक पाय वाकला. काकूंनी आणली होती ती चप्पल.

साहेबांनी काकांची चौकशी केली नाही. त्यांनी इन्स्पेक्टरांना विचारलं, "किती वेळ लागला?"

"आमच्या माणसांना? नऊ सेकंद."

"कोणी पाहिलं?"

"पाहिलं नाही असं कोणी उरलं नाही," मेहुणे म्हणाले. "सेक्रेटरींनी तर फॉर्म भरूनसुद्धा ठेवलाय. वेळ टाकलीये. सह्या अठ्ठेचाळीस झाल्यात, आणि या खेपेला पुन्हा करा असं एकजणही म्हणाला नाही." त्यांनी खिशातून फॉर्म काढून दिला.

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी फॉर्म वाचला, तळाचं बारीक अक्षर वाचलं, आणि चमक हळूहळू विझली. पाहणाऱ्याच्या जागी सेक्रेटरींचं नाव होतं, आणि ते तसंच असणं भाग होतं. क्रिया ज्याच्यावर घडली तो पाहणारा असू शकत नाही. चौथा अर्थ सेक्रेटरींनी सिद्ध केला होता. नोंद दोघांची झाली होती. आणि कचेरीबाहेरच्या माणसाने अर्थ सिद्ध केला तर त्याचं नाव छापावंच लागतं, तोही नियम होता.

"एक मार्ग आहे," साहेब घसा साफ करून म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच काकांकडे न बघता बोलत होते. "चौथा अर्थ गाळता येईल. पुरावा वेळेत आला नाही असं मी लिहीन. तीन अर्थांवर नोंद पूर्ण होते. तुमची एकट्याची."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांचा उघडा डोळा टेबलावरच्या तिसऱ्या खंडावर होता. त्यांना फक्त मान हलवायची होती.

"नाही साहेब," काका म्हणाले. "अर्थ आहे. मी आत्ताच त्यातून आलोय. तो नाही म्हणून कसा छापायचा?"

मग त्यांनी चप्पल पायात घातली.  घरी जाताना मेहुण्यांनी एकदा, जेवायला आम्लेटच आहे का, असं विचारलं.

चौथा खंड सात महिन्यांनी निघाला. सेक्रेटरींनी स्वतःसाठी बारा प्रती आणल्या आणि ऋणनिर्देशाचं पान सोसायटीच्या फलकावर चिकटवलं, आपल्या नावाखाली लाल रेघ मारून. भेटेल त्याला ते विचारत, काकांचं नाव नाही का हो दिसलं कुठे, मला तर दिसलं नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, आणि त्यानेच काकांना जास्त लागायचं. काका कामावर पुढच्या जिन्याने जायचे ते मागच्या जिन्याने जायला लागले.

घरातली प्रत त्यांनी उघडलीच नव्हती. एका रविवारी दुपारी काकूंनी ती उघडली. चष्मा लावून त्यांनी 'व इतर' पाहिलं, मग पानं उलटत उलटत 'व्हिस्क' काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिला अर्थ वाचताना त्यांनी खांदा चोळला. दुसरा घाईने वाचला. तिसऱ्यात घोडा होता, नुसता घोडा. चौथ्याशी त्या थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही. तो अर्थ माझ्याकडे नव्हता. उदाहरण साहेबांनी घातलं. काय आहे?"

काकूंनी वाचलं, "'पोलिसांनी त्या विद्वान गृहस्थांना सर्वांदेखत झटकन उचलून नेले.'"

काका उठून आले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग ते दुसरं पान बघायला लागले, मग तिसरं, मग पार 'झेब्रा'पर्यंत गेले. झेब्रा नुसता झेब्रा होता. त्या सबंध खंडात दुसरं विशेषण नव्हतं. साहेबांची लाल पेन्सिल तिथे चालली नव्हती, किंवा तिथेच चालली होती.

काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

काकू उठल्या. कपाटात 'नमुना नऊ'चा एक कोरा फॉर्म उरला होता. तो त्यांनी टेबलावर घेतला आणि नळाच्या तक्रारीच्या अर्जाखाली धरतात तशी, फॉर्मखाली जाड वही धरून, भरायला सुरुवात केली. क्रिया, या रकान्यात त्यांनी 'विद्वान असणे' असं लिहिलं. ठिकाण, स्वयंपाकघर. कालावधी, लग्नापासूनची सव्वीस वर्षं. साक्षीदार क्रमांक एक, इथे त्यांनी नीट वळणदार सही केली आणि सेक्रेटरींसारखी खाली वेळ टाकली.

"अगं, नातेवाईकांची सही चालत नाही," काका म्हणाले.

"नसेल चालत."

काकांनी फॉर्म दोनदा वाचला आणि चार घड्या घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. सोमवारी ते पुढच्या जिन्याने कामावर गेले. दुसऱ्या साक्षीदाराची सही अजून व्हायची आहे, पण त्याची त्यांना घाई नाही.